ते विमान सगळ्यांचं होतं

परवा तालीम संपल्यावर आमच्या ऑर्केस्ट्रात नवीन आलेल्या पोराने विचारलं, "दादा, बास गिटार लोकांना कळतसुद्धा नाही. मग एवढं घासून काय उपयोग?" पोरगा हुशार आहे, बोटं चांगली चालतात. पण टाळ्या गायकाला पडतात आणि बासवाल्याला कुणी विचारत नाही, हे त्याला दोन महिन्यांतच उमगलंय. मी काही बोललो नाही. वायरी गुंडाळायचं थांबवलं, फोन मिक्सरला जोडला आणि पार्लमेंट या अमेरिकन बँडचं 'फ्लॅश लाइट' हे गाणं लावलं.

थोड्याच वेळात त्याने पिशवीतली गिटार परत बाहेर काढली आणि ती ओळ शोधायला लागला. नेमका तो आवाज काही निघेना. निघणार कसा? त्या गाण्यात बास गिटारच नाही. ती खालची जाड, रबरासारखी ताणली जाणारी ओळ त्यांच्या कीबोर्डवाल्या बर्नी वॉरेलने मिनीमूग सिंथेसायझरवर वाजवलीय. बूट्सी कॉलिन्ससारखा बासवाला त्याच टोळीत होता आणि या गाण्यात तो ड्रम वाजवतोय! जगातल्या नामांकित बासवाल्याने गाण्याला काय हवंय ते बघून बास बाजूला ठेवला आणि काठ्या हातात घेतल्या. 1978 साली हे गाणं अमेरिकेत आर अँड बी, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय गाण्यांच्या, यादीत पहिल्या नंबरवर होतं.

त्या रात्रीपासून हे लिहायचं डोक्यात घोळतंय. पार्लमेंट आणि फंकाडेलिक ही दोन बँडची नावं, पण माणसं तीच. त्यात बूट्सीचा 'रबर बँड' नावाचा बँड, ब्राइड्स ऑफ फंकेनस्टाइन आणि पार्लेट हे बायकांचे गट, असं सगळं गोत मिळून पी-फंक. फंक म्हणजे ठेक्यावर नाचवणारं अमेरिकन कृष्णवर्णीयांचं संगीत. आणि सगळ्यांच्या पुढे जॉर्ज क्लिंटन. जगाला त्याचं नाव ठाऊक आहे. मला आज बाकीच्यांबद्दलही बोलायचंय.

सुरुवात न्हाव्याच्या दुकानात झाली. न्यू जर्सी राज्यात प्लेनफील्ड म्हणून गाव आहे. तिथे क्लिंटन 'सिल्क पॅलेस' नावाच्या केशकर्तनालयात लोकांचे कुरळे केस सरळ करून द्यायचा आणि त्याच दुकानात पाच जण सूर लावत बसायचे. 'द पार्लमेंट्स' हे नाव सिगारेटच्या ब्रँडवरून घेतलेलं. एकसारखे सूट, चापूनचोपून बसवलेले केस, गळ्यात गळा घालून गाणं. 1967 मध्ये डेट्रॉइटच्या एका छोट्या कंपनीसाठी केलेलं एक गाणं गाजलं. मग कंपनी बुडाली आणि 'पार्लमेंट्स' हे नाव कज्जात अडकलं. स्वतःच ठेवलेलं नाव स्वतःला वापरता येईना.

तेव्हा त्यांनी जे केलं ते मला फार आवडतं. साथीला घेतलेली तरुण पोरं होती: बिली बास नेल्सन, एडी हेझल, टिकी फुलवुड, टॉल रॉस. या साथीदारांना पुढे केलं, त्यांच्या बँडला फंकाडेलिक म्हटलं आणि गायकांना त्यांच्यात पाहुणे म्हणून घेतलं. तंबोऱ्यामागे बसणाऱ्यांच्या नावाची पाटी लागली, मुख्य गवई त्यांच्या आश्रयाला आले. सूट गेले, मोठे अँप्लिफायर आले, गिटार भसाभस किंचाळायला लागली. 1970 मध्ये फंकाडेलिकचा पहिला अल्बम आला.

पुढच्या वर्षी 'मॅगट ब्रेन' हे गाणं. दहा मिनिटं, जवळजवळ नुसती गिटार. एडी हेझल तेव्हा विशी-एकविशीतला. क्लिंटनने त्याला सांगितलं की तुझी आई गेली असं आत्ता कळलंय असं समजून वाजव, आणि मग ती गेलेली नाही असं कळलं तर कसं वाजवशील तसं वाजव. बाकीचे साथीदारही वाजवत होते, पण मिक्सिंगच्या वेळी क्लिंटनने त्यांचे आवाज जवळजवळ पुसून टाकले आणि एडीला एकटं सोडलं. मी ते इअरफोन लावून अंधारात ऐकतो. सातव्या-आठव्या मिनिटाला छातीत काहीतरी अडकतं. आमच्याकडे बाप गेल्यानंतरचे दहा दिवस घरात जशी शांतता होती, तिची मला त्यात आठवण येते.

त्याच वर्षी पैशावरून वाद झाला आणि बिली नेल्सन गेला. पाठोपाठ एडीही गेला. ही गोष्ट इथून पुढे सारखी घडत राहणार आहे.

आता समेबद्दल. त्याशिवाय पी-फंक कळायचं नाही. सोलच्या, रॉकच्या गाण्यात टाळी दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर पडते. गायक जेम्स ब्राउनने सगळा भार पहिल्या मात्रेवर आणून ठेवला. ते लोक तिला 'द वन' म्हणतात. आपण सम म्हणतो. तीनतालात समेवर यायला सोळा मात्रांचा प्रवास असतो, इथे दर चार मात्रांनी घर येतं. बूट्सी हे थेट ब्राउनकडूनच शिकला. 1970 च्या मार्चमध्ये ब्राउनच्या वादकांनी पैशासाठी अडून धरलं, तेव्हा सिनसिनाटीहून बूट्सी, त्याचा थोरला भाऊ कॅटफिश आणि त्यांच्या पोरांना विमानात घालून आणलं आणि त्याच रात्री मंचावर उभं केलं. बूट्सी अठरा वर्षांचा होता. ब्राउनकडे शिस्त अशी की चुकलं की दंड. पोरगा वर्षभरही टिकला नाही, पण सम घेऊन बाहेर पडला आणि 1972 मध्ये क्लिंटनकडे आला. 1975 मध्ये ब्राउनकडचे मेसिओ पार्कर आणि फ्रेड वेस्ली हे फुंकणारे दिग्गजही आले.

ब्राउनकडे प्रत्येकाने नेमून दिलेलं तेवढंच वाजवायचं. पी-फंकमध्ये समेवर भेटायचं बंधन, मधल्या मात्रांत हवं तिकडे फिर. म्हणून तर पाश्चात्त्य शास्त्रीय पियानोत लहानपणापासून घडलेला, न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत शिकलेला बर्नी आणि चर्चमध्ये गळा तयार झालेला गॅरी शायडर एकाच गाण्यात नांदतात, कुणीही कुणाच्या पायात येत नाही. माझे काका दिंडीत पखवाज वाजवायचे. ते म्हणायचे, टाळकरी शंभर असले तरी पाऊल एकच पडलं पाहिजे, आणि पाऊल एक पडलं की मग प्रत्येकाने आपापल्या विठ्ठलाशी बोलावं. पी-फंक पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला काकाच आठवले.

आणि ते विमान! 1975 च्या डिसेंबरात पार्लमेंटचा 'मदरशिप कनेक्शन' हा अल्बम आला आणि पुढच्या वर्षी त्यांनी अंतराळयानासारखं बांधलेलं विमान मंचावर उतरवलं. कॅसाब्लांका या रेकॉर्ड कंपनीचे पैसे, मंचाची रचना जूल्स फिशरची. आधी प्रेक्षकांच्या डोक्यावरून ठिणग्या उडवत एक छोटं यान जायचं, मग धूर, उजेड, कानठळ्या आणि मंचावर मोठं यान. त्याच्या पायऱ्यांवरून फरचा कोट घालून क्लिंटन खाली उतरायचा. बरेच लोक याकडे नुसता तमाशा म्हणून बघतात. मला ते पटत नाही. गुलामगिरीत खपणारी माणसं शेतात गात, की रथ येईल आणि आम्हाला घरी घेऊन जाईल. पी-फंकचे गायक त्या रथाच्याच गाण्याने विमानाला हाक मारायचे. देहूला बीजेच्या दिवशी नांदुरकीच्या झाडाखाली नजर वर लावून उभी असलेली गर्दी ज्याने पाहिलीय, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तुकोबांना न्यायला विमान आलं हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. ज्यांना जमिनीवर न्याय मिळत नाही, त्यांचं आकाशाशी नातं असंच असतं.

1978 हे शिखर. 'फ्लॅश लाइट', बूट्सीचं 'बूटझिला', फंकाडेलिकचं 'वन नेशन अंडर अ ग्रूव्ह', एकाच वर्षात तिन्ही पहिल्या नंबरवर. वेगवेगळ्या कंपन्या, वेगवेगळी नावं आणि आतून तेच एक कुटुंब.

पण हिशेबाच्या वहीत मात्र सम कुणी धरली नाही. न्हाव्याच्या दुकानापासून बरोबर असलेले फझी हॅस्किन्स, कॅल्विन सायमन आणि ग्रेडी थॉमस 1977 मध्ये बाहेर पडले. 1981 मध्ये त्यांनी फंकाडेलिक याच नावाने स्वतःचा अल्बम काढला. एका नावाचे दोन फड, आपल्याकडे तमाशात फूट पडायची तसंच. नशापाणी सगळीकडे होतंच. ऐंशीच्या सुरुवातीला कर्जाचं ओझं इतकं झालं की ते विमान वॉशिंग्टनजवळ मेरीलँडमध्ये भंगारात गेलं.

क्लिंटनला मी खलनायक ठरवणार नाही. त्याच्यामुळेच ही माणसं एकत्र आली. सतरा वर्षांच्या मायकेल हॅम्पटनने क्लीव्हलँडमध्ये 'मॅगट ब्रेन' जसंच्या तसं वाजवून दाखवलं, तर त्याला थेट बँडमध्ये घेणारा हाच माणूस. हक्कांच्या बाबतीत तो स्वतःही नागवला गेल्याचं सांगतो. आणि 2025 मध्ये, वयाच्या 83 व्या वर्षी, त्याच जुन्या गाण्यांसाठी त्याने पुन्हा कोर्टाची पायरी चढली. पण बर्नी वॉरेल 2016 मध्ये गेल्यावर त्याच्या वारसांना क्लिंटनच्याच कंपनीविरुद्ध कोर्टात जावं लागलं, हेही तितकंच खरं. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याच्याही दारात लोक हक्क मागायला उभे होते. मला या दोन्ही गोष्टी एकदम मनात ठेवाव्या लागतात आणि ते सोपं नाही.

माझ्या स्वतःच्या बाबतीत छोट्या प्रमाणात हे झालंय. काही वर्षांपूर्वी भक्तिगीतांच्या एका अल्बमसाठी मी दोन दिवस बसून बासच्या ओळी बांधल्या. त्यातली एक तर गाण्याची ओळखच झाली, ती वाजली की लोक गाणं ओळखतात. अर्धी बिदागी मिळाली, अर्धी आजतागायत नाही, आणि श्रेयनामावलीत 'वादकवृंद' एवढाच शब्द. पैशाचं दुःख विरलं. तो एक शब्द मात्र अजून टोचतो.

पुढचं आयुष्य या संगीताला नव्या पोरांनी दिलं. 1989 मध्ये डे ला सोल, मग डॉक्टर ड्रे, स्नूप डॉग, हे सगळे रॅपवाले: लॉस एंजेलिसचं जी-फंक नावाचं अख्खं रॅप पी-फंकच्या ओळींवर उभं आहे. लोकांनी जुन्या गाण्यांतले तुकडे आपल्या गाण्यांत बिनधास्त वापरावेत म्हणून क्लिंटनने स्वतः अशा तुकड्यांची सीडी काढली. पण फंकाडेलिकच्या गाण्यांचे हक्क ज्यांच्याकडे होते त्या ब्रिजपोर्ट कंपनीने 2001 मध्ये सुमारे 800 जणांना कोर्टात खेचलं. त्यातल्या एका खटल्यात 2005 मध्ये निकाल लागला की गिटारचा दोन सेकंदांचा तुकडा घेतला तरी परवाना लागेल. दोन सेकंदांवर एवढा काथ्याकूट, आणि ज्याच्या बोटांतून ते दोन सेकंद निघाले त्या वादकाचा कुठे उल्लेखही नाही.

1997 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये पी-फंकची एकदम 16 नावं घेतली गेली, सन्मानाचं भाषण प्रिन्सने केलं. एडी हेझल त्याआधीच, 1992 मध्ये, 42 व्या वर्षी गेला होता. विमानाची नंतर बनवलेली प्रतिकृती आता वॉशिंग्टनला, आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मूळ विमान भंगारात गेलं, त्याच शहराजवळ.

ग्लेन गॉइन्सबद्दल मुद्दाम शेवटी लिहितोय. विमानाला हाक मारण्याचं काम त्याचं. 1976 च्या ऑक्टोबरातल्या ह्यूस्टनच्या कार्यक्रमाचं चित्रण आहे, ते परवा मी त्या पोराला दाखवलं. ग्लेन बावीस वर्षांचा आहे. बँड खाली एकच ठेका धरून बसलाय, तो माइकशी डोळे मिटून गातोय, आवाज चिरत वर चाललाय. मग हात वर करतो आणि सांगतो की मला ते येताना दिसतंय. अजून काहीच आलेलं नसतं, पण हजारो माणसं त्याच्या बोटाच्या दिशेने बघायला लागलेली असतात. दोन वर्षांनी कॅन्सरने तो गेला, 24 व्या वर्षी.

पोराने व्हिडिओ थांबवला आणि विचारलं, "दादा, हा कोण?" मी नाव सांगितलं. त्याने फोनमध्ये लिहून घेतलं, आणि बर्नीच्या नावाचं स्पेलिंगही विचारलं.