स्पर्मिन तर आपल्या पेशीतच राहते

विषावरच्या तुमच्या लेखात कोळी अन् गांधीलमाशीच्या विषातले पॉलिअमाइन (पॉझिटिव्ह चार्जचे लांब रेणू) ग्लुटामेट रिसेप्टरचं, म्हणजे पेशीवर ग्लुटामेटचा निरोप घेणाऱ्या प्रथिनाचं, चॅनल (आयन जायचं भोक) बंद करतात एवढंच लिहिलंय, पण भाऊ स्पर्मिन हे पॉलिअमाइन तर आपल्या पेशीत पण राहते अन् ते काही एएमपीए रिसेप्टरना (ग्लुटामेट रिसेप्टरचाच एक प्रकार) आतल्या बाजूनं तसंच अडवते, विष बाहेरून अडवते एवढाच फरक! पॉझिटिव्ह चार्जची लांब शेपटी चॅनलच्या भोकात जाऊन फसते. मधमाश्या पकडणाऱ्या गांधीलमाशीच्या फिलँथोटॉक्सिनला अशीच शेपटी आहे, डंख बसला की मधमाशी जिवंत असून लुळी पडते. नागपुरात बीएस्सीच्या पोरांना बाटलीत बूच अडकवून दाखवतो, लगेच समजते त्यांना. आपल्याकडच्या मण्यारीचं विष मात्र वेगळं, ते चेतातंतू अन् स्नायूच्या जोडावर निरोप अडवते, म्हणून आधी पापण्या पडतात. यावर पण लिहा ना प्लीज.