‘बडोद्याला कोणी सबसिडी दिली होती?’ दिली होती की!

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतोय. गुजरातेतल्या साणंदच्या चिप कारखान्याला सरकार पैसे देतं ही उधळपट्टी. अलेंबिक, बँक, खत कारखाना, आता विमानांचा कारखाना, बडोदं सगळं खाजगी हिकमतीवर उभं राहिलं. सरकारनं नुसतं बाजूला व्हावं. काकामंडळींनी त्यावर धडाधड अंगठे दिलेत.

आधी अलेंबिक ही औषध कंपनी. 1907 साली ती काढणाऱ्या तिघांत त्रिभुवनदास गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन होते. खाजगी कंपनी, कबूल. पण हे गज्जर त्याआधी कोण होते? बडोद्याचे राजे सयाजीराव यांनी 1890 साली काढलेल्या कलाभवन या तंत्रशाळेचे पहिले प्रमुख. त्या काळी जर्मन कृत्रिम रंग बाजारात घुसले होते. आपल्या रंगाऱ्यांना ते वापरायचे कसे, हे शिकवणारं कोणी नव्हतं. शिकलेला मुलगा कारकुनीकडे बघायचा. त्याला रंगाच्या पिंपात हात घालायला लावणारी शाळा कुठला सावकार काढणार होता? फी भरून ती चालली नसती. खर्च दरबारानं सोसला. (फाळके पुढे सिनेमाकडे वळले, ते फोटोग्राफी शिकले तीही इथेच.) आज तीच संस्था विद्यापीठाच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीच्या रूपात चालू आहे.

बँक ऑफ बडोद्याचं फार सांगायला नको. 1908 साली ती स्थापन करणारा माणूस संस्थानचा राजा होता, पेढीवाला नव्हे.

खत कारखान्याला ‘खाजगी’ म्हणणाऱ्यानं तिथल्या वसाहतीत, फर्टिलायझरनगरात, एक चक्कर मारावी. ही खत कंपनी, जीएसएफसी, 1962 साली राज्य सरकार आणि भागधारक अशा जोडीनं निघाली. माझे एक काका तिथे शिफ्टमध्ये होते. घरी आल्यावर शर्ट आधी बाल्कनीत टांगायचे, कारण अमोनियाचा वास घरात नको. त्यांचा सरकारी भांडवलावर चाललेला पगार आमच्या घरात दोन शिक्षणं करून गेला. आणि ग्रुपवर पहिला अंगठा त्यांच्याच मुलाचा!

विमानांचं तर आणखी सोपं. सी-295 या लष्करी मालवाहू विमानांचा टाटा-एअरबसचा कारखाना ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाला. हवाई दलानं 56 विमानं मागवली. 16 स्पेनहून तयार आली, 40 बडोद्यात जुळणार. गिऱ्हाईक सरकार. ऑर्डर आधी हातात नसती तर एवढी शेड कोणी बांधली असती? सबसिडीचा चेक फाडणं हीच एक मदत नसते.

आता मजकुरातलं खरं तेवढं मान्य करतो. साणंदच्या त्या चिप कारखान्यात, म्हणजे मायक्रॉन या अमेरिकी कंपनीच्या 2.75 अब्ज डॉलरच्या प्रकल्पात केंद्र 50 टक्के आणि गुजरात सरकार 20 टक्के घालणार, हा आकडा बरोबर आहे आणि तो मलाही टोचतो. सरकारी पैसा लागला म्हणजे धंदा चालेलच असंही नाही. संस्थाननं स्वतः काढलेली कापडगिरणी शेवटी खाजगी हातांत गेली. पण ‘देऊ नका’ म्हणणं वेगळं आणि ‘देताना काय लिहून घेतलंत’ विचारणं वेगळं. कलाभवनावर खर्चलेल्या पैशातून हाताला काम शिकलेली माणसं तयार झाली. साणंदला चिप बांधायला आणि तपासायला इथली किती पोरं शिकणार, नोकऱ्या ठरल्याप्रमाणे झाल्या नाहीत तर पैसे परत कधी, हे कोणी विचारलं असतं तर मीही अंगठा दिला असता.