"विष चारू नका" म्हणणाऱ्या सरांना उत्तर

नमस्कार सर,

धुरावर सुकवलेल्या मरळ माशावर मी लिहिलं, त्याखालची तुमची प्रतिक्रिया चार वेळा वाचली. तुम्ही आहारशास्त्र शिकवता हे पहिल्याच ओळीत सांगितलंत. मग मुद्दे : धुरातल्या बेंझोपायरिननं कॅन्सर होतो, मीठ फार असतं, गरोदर बायकांनी हे खाऊ नये, आणि मरळीत मी म्हणते तेवढं ओमेगा-३ नसतं. शेवटी हे वाक्य : "आज्जीच्या आठवणी सांगून लोकांना विष चारू नका."

ओमेगा-३चं तुमचं बरोबर. मरळ कमी चरबीचा मासा. बांगडा, तारली या समुद्राच्या माशांत ते कितीतरी जास्त. लेखात तेवढी दुरुस्ती केली आहे.

पण "चारू नका"? चारतात जनावराला, नाहीतर तोंडात घास घालावा लागतो अशा लेकराला. माझे वाचक यातले कोणीच नाहीत. आणि आज्जीनं काय चारलं ते ऐकाच आता.

आम्ही पैठणच्या वरच्या अंगाचे, जायकवाडीच्या पाण्याकाठचे. १९७६ साली धरण झालं, त्या पाण्याखाली आमची काळी जमीन गेली. आजोबा दुसऱ्याच्या रानात मजुरीला जायला लागले. पावसाळ्यात जाळ्यात मासा एकदम यायचा. बर्फ नाही, ऊन नाही. बाहेर वाळत घातला की माश्या बसायच्या, तिसऱ्या दिवशी अळ्या. म्हणून आज्जी मासा चिरून, साफ करून, मीठ-हळद चोळून चुलीच्या वर तारेच्या जाळीवर ठेवायची. खाली बाभळीचा विस्तव, जाळ नाही. दोन दिवस ती राखणीला बसायची. चवीचा शौक नव्हता तो. श्रावण-भादव्यात घरात डाळ नसायची, तेव्हा सात माणसांच्या ताटात एवढंच पडायचं. त्या माशावर मी वाढले. आज पंचेचाळिशीत बीपी नाही, शुगर नाही.

बेंझोपायरिन मला माहीत नाही असं तुम्ही धरून चाललात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ते पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसात कॅन्सर घडवतं हे पक्कं, हे मला ठाऊक आहे. लाकूड अर्धवट जळलं किंवा चरबी निखाऱ्यावर ठिबकली की ते तयार होतं. म्हणूनच जाळी उंच हवी, जाळ नको, मासा कमी चरबीचा हवा. आज्जी हे तिन्ही करायची, कुठल्याही वर्गात न बसता. वरची काळी कातडीसुद्धा ती सोलून टाकायची. युरोपात धुरावलेल्या माशाच्या मांसात किलोमागे २ मायक्रोग्रॅम बेंझोपायरिनची मर्यादा आहे. मर्यादा, सर, बंदी नाही. तिथे तो दुकानात विकला जातो आणि माणसं विकत घेतात. हुरड्याच्या आगटीतून, वांगं भाजताना जाळावरून धूरच येतो ना? हुरडा पार्टीचे फोटो टाकणाऱ्या एकाला तरी तुम्ही "विष चारू नका" असं लिहिलंत का?

आज्जी एक्याऐंशी वर्षं जगली. शेवटची चार-पाच वर्षं खोकायची, रात्र रात्र. पण ती चुलीसमोर पन्नास वर्षं बसली होती, सगळा धूर छातीत घेत. त्याचा दोष माशाला देऊ नका. रोज खा असं मी कुठेही लिहिलेलं नाही, महिन्यातून एक-दोनदा असंच लिहिलंय. पुन्हा वाचा.

मिठाचं म्हणाल तर शिजवण्याआधी मासा कोमट पाण्यात भिजवायचा आणि ते पाणी फेकायचं, हे कृतीत आहेच. गरोदर बाईनं धुरावलेला मासा तसाच कच्चा खाऊ नये, खरं आहे. पण आमच्याकडे तसा खातं कोण? येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्यांचं पीठ, घालून खळखळ उकळलेलं कालवणच होतं त्याचं. यावर आणखी लिहायची गरज मला वाटत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, राहू दे तिथेच. पुढच्या वेळी माशावर, धुरावर, माझ्यावर हवं ते लिहा. आज्जीला त्यातून वगळा.