चारचाकीवाल्या पुणेकरांस चार हिताच्या गोष्टी

काल संध्याकाळी मेट्रो स्टेशनच्या जिन्याच्या तोंडाशी कुणीतरी गाडी लावून गेलं होतं. पुढची दोन चाकं फुटपाथवर, मागची दोन रस्त्यावर, आणि जिना उतरणारी माणसं थेट बसच्या पुढ्यात. काय तो नेम! ज्यांना अजून एवढं जमत नाही त्यांच्यासाठी हे चार शब्द.

गाडी घ्या ती मोठीच. आत माणूस एक आणि लॅपटॉपची बॅग एक, दोघांना ऐसपैस बसता आलं पाहिजे. उभी करायला साडेबारा चौरस मीटर लागतात, वळवायची-काढायची जागा धरली तर वीस-बावीस. म्हणजे एखादी वन रूम किचन. पण भाडं थोडंच भरायचंय? रस्ता तीर्थरूपांचाच आहे.

सिग्नल लाल असतानाच हॉर्न वाजवा. दिवे त्यानेच बदलतात.

मेट्रोचा विषय निघाला की "रिकामीच धावते हो" म्हणावं. कधी बसलात असं कुणी विचारलंच, तर उद्घाटनाच्या आठवड्यात नातवाला घेऊन वनाज ते गरवारे जाऊन आलो, असं सांगावं. तो मार्च २०२२ होता. नंतर मेट्रो रामवाडीला पोचली, जमिनीखालून स्वारगेटलाही गेली. तुम्हाला कळवायचं राहिलं असेल.

आणि कोंडी झाली की उड्डाणपूल मागा. विद्यापीठ चौकात मागितला, मिळाला, आणि दीड-एक दशकात, २०२० साली, पाडलासुद्धा, कारण मेट्रोच्या आड येत होता. नळ स्टॉपला २०२२ मध्ये झाला. कोंडी चौकातून उठून पुलाच्या दोन्ही टोकांना जाऊन बसली. बसणारच. पूल उतरतो कुठे? पुढच्या सिग्नलवर. समजा तिथे १२० सेकंदांच्या फेऱ्यात ४० सेकंद हिरवा मिळतो. एका लेनमधून दोन सेकंदांना एक गाडी सुटते, म्हणजे एका हिरव्यात २० गाड्या. तासाला ३० फेरे, ६०० गाड्या. गाडीमागे दीड माणूस धरलं तर ९००. हाही पुस्तकी हिशोब. मध्ये एक रिक्षा आडवी आली की तो गेला. तीन डब्यांची मेट्रो भरली की एका खेपेत एवढी माणसं नेते! तुमची अख्खी लेन जे तासभर धूर ओकून करते ते मेट्रोची एक गाडी करते, आणि गर्दीच्या वेळी सहा-सात मिनिटांत मागून दुसरी येते. पण नाही, पूलच हवा. नवा पूल पहिले काही महिने मोकळा वाटतो. मग जे बसने जायचे, जे गर्दी टाळून लवकर निघायचे, ते सगळे गाडी काढतात आणि पूल भरतो. मग काय, दुसरा मागा! त्यावर तिसरा! शनिवारवाड्यावरून न्या एखादा.

पीएमपीच्या बसविषयी काही सांगत नाही. तुम्हाला काय करायचंय?

बरं, "स्टेशनपर्यंत जायचं कसं?" ही तुमची तक्रार खोटी नाही. घरापासून स्टेशन दीड किलोमीटर असेल तर चालायला वीस मिनिटं लागतात. स्टेशनपर्यंत नेणारी फीडर बस दर दहा मिनिटांनी असेल तर माणूस थांबतो; अर्ध्या तासाने असेल तर दुसऱ्या दिवशी स्कूटर काढतो. फुटपाथला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. आपल्याकडे त्यात विजेचा डीपी, फ्लेक्सचा खांब, चहाची गाडी, आणि उरलंच तर प्रत्येक बंगल्याच्या फाटकाशी एक उतार. दर पन्नास पावलांना चढ-उतार करत गुडघेदुखीचा माणूस स्टेशन गाठणार कसा? हे महापालिकेचं पाप आहे, मान्य.

पण नगरसेवकाकडे निवेदन घेऊन गेलात ते पुलासाठी, फीडर बससाठी गेलात का कधी? नगर रस्त्यावरचा बीआरटी, म्हणजे बसचा राखीव मार्ग, उखडला तेव्हा टाळ्या कुणी वाजवल्या? पे-अँड-पार्कचं नाव काढलं की सोसायटीच्या ग्रुपवर कोण उसळतं? शहर तुंबलंय म्हणून बोंबलायचं, आणि तुंबवणाऱ्यांच्या रांगेत सगळ्यात पुढे आपणच! लाज नाही वाटत?

आणि ती जिन्यासमोरची गाडी तुमची असेल तर काढा आधी. तिच्या मागेच लिफ्टचं दार आहे. व्हीलचेअर काय बॉनेटवरून न्यायची?