मासा उलटणारा जावई

वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, परमुलखात, भरल्या टेबलावर एका म्हाताऱ्या बाईने माझ्या हातावर चॉपस्टिक मारली. लागलं नाही, पण प्रश्न लागण्याचा नाहीच. मी त्या वेळी मासा खात होतो, आणि मासा खाताना मला आजवर कुणी मारलेलं नाही. माझी आई मला गणितावरून बडवायची; मासे खाताना मात्र शेजारणींना बोलावून दाखवायची, की बघा, पोरगं काटा कसा लख्ख करतं.

साडू हाँगकाँगला बँकेत असतो. जूनमध्ये मी, बायको आणि सासूबाई त्याच्याकडे गेलो. आपल्याकडे १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. त्या दिवसांत घरातली सुकट आणि माझा चेहरा यांत फारसा फरक राहत नाही. साडू म्हणाला, "दादा, तुम्हाला लेई यू मुनला नेतो. जिवंत मासे!" ऑफिसातल्या एका सहकाऱ्यालाही त्याने सहकुटुंब बोलावलं. सहकाऱ्याची आई ऐंशीच्या पुढची. तीच ती.

लेई यू मुन म्हणजे व्हिक्टोरिया बंदराच्या पूर्वेच्या तोंडावरचं जुनं कोळीगाव. अरुंद गल्ली, काचेच्या टाक्या, पायाखाली पाणी. मासा टाकीवाल्याकडून निवडायचा आणि रेस्टॉरंटात शिजवून घ्यायचा. आता, मासा निवडणं हा माझा प्रांत. कल्ला उघडून लाल आहे का बघायचं, पोटावर बोट दाबायचं, मग कोळणीशी भांडण काढायचं. पण हा सगळा व्यासंग मेलेल्या माशांवरचा. इथे मासाच माझ्याकडे बघत होता. पोहणाऱ्या माशाला ताजेपणाचं काय विचारणार? आपल्या हेकरूचा भाऊबंद शोभेल असा एक ठिपकेवाला मी दाखवला, भाव ऐकला आणि "स्वस्त आहे की!" असं मोठ्याने म्हणालो. भाव कॅटीचा होता. कॅटी म्हणजे सुमारे ६०५ ग्रॅम, हे मला जेवण झाल्यावर कळलं. आपण शेर आणि पायली कधीच सोडून दिली. दीडशे वर्षं इंग्रजांच्या ताब्यात राहिलेल्या या शहराने मात्र आपली कॅटी जपून ठेवली, ती माझ्यासाठी.

वर गोल टेबल, मध्ये फिरती काच. सगळ्यांनी आपापल्या वाट्या आणि चॉपस्टिक गरम चहाने विसळल्या. सासूबाई खूश झाल्या. "चांगलं वळण आहे हो," म्हणाल्या. त्या मालवणच्या. त्यांना चांगलं म्हणायला लावणं सोपं नाही, मी सत्तावीस वर्षं प्रयत्न करतो आहे.

मासा आला. वाफवलेला, अख्खा. आलं, कांद्याची पात, सोया सॉस, वरून कडकडीत तेल. ना हळद, ना आगळ, ना तिरफळ. (उत्तम होता. हे मी घरी बोललेलो नाही.) सहकाऱ्याने ताट फिरवून माशाचं डोकं सासूबाईंच्या समोर आणलं. मानाच्या पाहुण्याकडे डोकं, ही तिथली रीत. ठीक आहे, वडीलधाऱ्या आहेत. पण आमच्याकडे टेबलावर जावई असला की मान कुठे जातो हे ठरलेलं असतं. माझ्याकडे शेपूट होती.

वरची बाजू संपली. खालची तशीच. अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? मी दोन चमचे सरकवले आणि मासा अलगद उलटला. म्हणजे, अर्धा उलटला.

"आय्या!" आणि फट्.

काच फिरायची थांबली. साडूच्या मुलाने मोबाइलमधून डोकं वर काढलं, जे त्याने विमानतळावर आम्हाला घ्यायला आला तेव्हाही काढलं नव्हतं. सहकारी ओशाळून सांगू लागला. आईचे वडील मच्छीमार, आईचा जन्म हाँगकाँगमधल्याच ॲबर्डीनच्या खाडीत होडीवरच झालेला. ताटात मासा उलटला की समुद्रात होडी उलटते.

मी नम्रपणे म्हणालो, "पण आमच्याकडे होडी नाही."

हे त्याने भाषांतरित करायला नको होतं. केलं. म्हातारीने मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, हाँगकाँगला आलात कसे?

"विमानाने."

तिने हाताचा पंजा विमानासारखा हवेत धरला, थोडा पुढे नेला आणि शांतपणे पालथ्याचा उताणा केला.

परत कधी?

"गुरुवारी."

तिने मान हलवली. गुरुवारचं तिला अगोदरच माहीत असल्यासारखी. मग, घरी गाडी आहे? आहे. कोण चालवतं? मीच. पंजा पुन्हा पुढे गेला, या वेळी टेबलालगत, आणि सॉसच्या वाटीपाशी उलटला. मला वाटलं, संपलं. तर तिने विचारलं, मुलगा आहे? आहे, पुण्याला. तो काय चालवतो? मी गप्प बसलो. बायको म्हणाली, "स्कूटर." पंजा उलटला. एवढ्याशा बाईने पाच मिनिटांत आमच्या घरातली सगळी वाहनं जमीनदोस्त केली.

सासूबाईंना भाषांतराची गरजच पडली नव्हती. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. मासा उलटू नये."

"आई, तुम्ही जन्मभर बांगडे उलटताय!"

"तवा वेगळा. ताट वेगळं."

यावर उत्तर नाही. मी गुरुवारपर्यंत शोधत होतो.

मग म्हातारीने शेपटीकडून मधला काटा धरला आणि एका ओढीत डोक्यापर्यंत उचलून बाजूला ठेवला. खालचं मांस जसंच्या तसं. ते बघून मला आणखी राग आला, कारण काम सुबक होतं. माशाच्या गालातला बोराएवढा गोळा काढून तिने सासूबाईंच्या वाटीत घातला. सासूबाईंनी चॉपस्टिक ठेवून सरळ हाताने खाल्ला, आणि दोघी एकमेकींकडे बघून डोलल्या. पुढचा पाऊण तास एक मालवणीत बोलत होती, दुसरी कँटोनीजमध्ये, आणि दोघी मधूनमधून माझ्याकडे बघत होत्या.

श्रद्धेशी माझं भांडण नाही. आपले कोळीही नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय समुद्राशी बोलत नाहीत. पण त्या शहरात थुंकू नका, ओढू नका, टाकू नका याच्या दंडासकट पाट्या आहेत. माशाबद्दल एक पाटी लावायला काय झालं होतं?

बिल आलं तसे साडू आणि सहकारी त्यासाठी झोंबू लागले. ही तिथली रीतच. मीही शोभेसाठी उठलो आणि "छे छे, मी देतो" म्हणालो. या "छे छे"चा मराठीत अर्थ काय होतो, हे मुंज झालेल्या पोरालाही कळतं. साडूने बिल सोडलं. ताबडतोब. बायको म्हणते, बारा वर्षं बाहेर राहून तो विसरला असेल. बायकोला बहिणीची बाजू घ्यावीच लागते.

माशाचे वेगळे, शिजवणावळ वेगळी. न मागता टेबलावर ठेवलेल्या शेंगदाण्यांचे पैसे. चहाचे डोईप्रमाणे, म्हणजे ज्या चहाने वाट्या विसळल्या त्याचेही. आणि या सगळ्यावर सेवेचे दहा टक्के. सेवा कुणी केली? मला मारणारी तर आमच्याच टेबलावरची होती.

निघताना म्हातारीने माझा तोच हात हातात घेऊन थोपटला आणि काहीतरी म्हणाली. सहकारी फक्त हसला. मी दोनदा विचारलं.

गुरुवारी विमान बंगालच्या उपसागरावर आलं आणि हादरू लागलं. पट्ट्या बांधायचा दिवा लागला. शेजारच्या सीटवर सासूबाई जाग्या झाल्या. त्यांनी खिडकीकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मग दोन सीटांमधल्या हातावर ठेवलेला आपला पंजा सावकाश उताणा केला.