ओटीबाहेरचा नंबर

मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीत माझं मेडिकल आहे, त्यामुळे ओटीबाहेरची, म्हणजे ऑपरेशन थिएटरबाहेरची, भांडणं आपोआप कानावर येतात. "आम्ही सकाळपासून बसलोय आणि ह्यांना आल्या आल्या आत घेतलं!" मग कुणीतरी जतला नाहीतर आटपाडीला पुढाऱ्याला फोन लावतं.

आधी आला त्याचा नंबर आधी, हे ओटीत चालत नाही, चालूही नये. पोटात रक्तस्राव होतोय त्याच्या हातात काही मिनिटं असतात. अल्सर फुटलेल्याला प्रत्येक तास महागात पडतो. अंडकोषाला पीळ पडलेल्या पोराचा पीळ साधारण ६ तासांत सुटला नाही, तर तो अंडकोषच काढायची पाळी येऊ शकते. साधं, न फुटलेलं अपेंडिक्स मात्र थांबू शकतं. २०२३ साली फिनलंड-नॉर्वेचा मोठा अभ्यास आला. ८ तासांत ऑपरेशन केलं काय आणि २४ तासांत केलं काय, अपेंडिक्स फुटण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. इथवर डॉक्टरांची बाजू मला पटते.

पटत नाही ते खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्यांचं. सिझर आलं, अपघात आला, की आजींचा नंबर मागं. रात्रीपासून उपाशी, आणि संध्याकाळी निरोप, "उद्या बघू." दुसऱ्या दिवशी परत तेच. त्या त्या वेळी निर्णय बरोबरच असतो हो, पण तीन दिवसांत पाठीला जखमा होतात, छाती भरते, म्हातारी बरळायला लागते. "वय झालंय, दोन दिवसांनी काय बिघडतं?" असं घरचेच म्हणतात. बिघडतं. २०२० साली २,९७० पेशंटांवरचा अभ्यास छापून आला, त्यात भारतातलेही होते. लवकर ऑपरेशन केल्यानं मृत्यू फारसे कमी झाले नाहीत, हे खरं. पण बरळणं आणि लघवीचं इन्फेक्शन कमी झालं, माणसं लवकर उभी राहिली, लवकर घरी गेली. ब्रिटनमध्ये तर दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी हे ऑपरेशन करा असंच सांगितलेलं आहे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर थोडं थांबावं लागतं, ते वेगळं.

म्हणून ओटीच्या बोर्डावर नावापुढं 'किती वाजेपर्यंत' हेही लिहावं. दोनदा मागं गेलेला पेशंट दुसऱ्या दिवशी पहिला घ्यावा, जिवावरची केस आली तरच थांबवावा. नंबर लांबला तर त्याला निदान पाणी तरी द्यावं. भूल द्यायच्या २ तास आधीपर्यंत साधं पाणी बहुतेकांना चालतं, पण ते भुलेच्या डॉक्टरांना विचारूनच.

आणि पाव्हणं, पुढाऱ्याला फोन लावायच्या आधी डॉक्टरांना एवढंच विचारा: "आमचा पेशंट जास्तीत जास्त कधीपर्यंत थांबू शकतो?"