बोलस म्हणजे ‘जेवणाची मात्रा’ नव्हे

ताई, मधुमेही मुलांच्या इन्शुलिन पंपावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमच्या दोन तक्रारी आहेत. बेसल (पंप दिवसभर थोडं थोडं सोडतो ते इन्शुलिन), बोलस (एका वेळी द्यायचा डोस) हे शब्द तसेच ठेवून मी लेख अवघड केला. ‘मूळ मात्रा’, ‘जेवणाची मात्रा’ असं लिहायला हवं होतं. आणि पंप स्वतःच हिशेब करतो, तर सोलापूरच्या आईबापांना ही आकडेमोड शिकवून घाबरवायचं कशाला?

आधी शब्दांचं. बोलस फक्त जेवणाचा नसतो. चढलेली शुगर उतरवायला, काही न खाताही तो द्यावा लागतो. ‘जेवणाची मात्रा’ म्हटलं की हा अर्थ गळतो. बेसलचंही तसंच. पेनवर असताना लांब पल्ल्याचं इन्शुलिन दिवसभर अंगात असतं, पंपात ते नसतंच. पंप झटपट काम करणारं एकच इन्शुलिन थोडं थोडं सोडत राहतो, ते बेसल. कॅन्युला (कातडीखाली बसवलेली बारीक नळी) दुमडली की काही तासांत अंगातलं इन्शुलिन संपतं आणि कीटोन (इन्शुलिनअभावी रक्तात साठणारी आम्लं) वाढू लागतात. बेसल ताशी ०.४ युनिट असेल तर ऑक्लूजनचा (नळी तुंबल्याचा) अलार्म वाजायलाही तास जातात, कारण नळीत दाब हळूहळू साठतो. म्हणून शुगर कारण नसताना २५० च्या वर गेली तर कीटोन तपासा, सुधारणेचा, म्हणजे शुगर उतरवायचा डोस पंपातून न देता सुईने द्या, मग सेट (नळी आणि कॅन्युला) बदला. रात्री दोनला पंपाच्या पडद्यावर हेच शब्द उमटतात. ते ओळखीचे हवेत.

‘ॲक्टिव्ह इन्शुलिन’ला (आधीच्या बोलसपैकी अंगात अजून काम करत असलेल्या इन्शुलिनला) मात्र मी एकच ओळ दिली, तिथे तुमची तक्रार खरी आहे. समजा, दिवसाचं एकूण इन्शुलिन ४० युनिट. ढोबळ नियमाने ५०० भागिले ४०, म्हणजे १ युनिट साधारण १२.५ ग्रॅम कार्बला (कर्बोदकांना) पुरतं. तसंच १८०० भागिले ४०, म्हणजे १ युनिटने शुगर साधारण ४५ उतरते. (हे आकडे उदाहरणाचे, मुलाचे आकडे डॉक्टरच ठरवतील.) रात्री आठला शुगर २३५, लक्ष्य १२०. फरक ११५, म्हणजे सुधारणेला सुमारे २.५ युनिट. पण सहा वाजताच्या खाण्याला दिलेल्या बोलसपैकी २ युनिट अजून अंगात शिल्लक आहेत. पंप ते वजा करून सुधारणेचं फक्त अर्धा युनिट सुचवतो. आता बोलस अंगात किती वेळ टिकतो, त्या सेटिंगमध्ये चार तासांऐवजी कुणी दोन तास भरले, तर पंपाच्या लेखी शिल्लक शून्य. तो पूर्ण अडीच देईल. दोन युनिट जादा, म्हणजे ९० ने जादा उतार. कागदावर शुगर १२० ऐवजी ३०. पंपाने बेरीज-वजाबाकी अचूकच केली, आकडा माणसाने चुकीचा भरला. तुमच्या दुसऱ्या तक्रारीचं उत्तर यातच आहे.

कार्बचंही तसंच. सेन्सरवर बेसल आपोआप कमी-जास्त करणाऱ्या बहुतेक नव्या पंपांनाही जेवणाचे कार्ब आपल्यालाच सांगावे लागतात. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ६८ ग्रॅम कार्ब, म्हणजे ६० ग्रॅम पिठाच्या भाकरीत चाळीसेक. पण आपली कडक भाकरी तव्यावरच पाणी सोडून हलकी झालेली असते. ती काट्यावर ठेवून मऊ भाकरीच्या तक्त्याने मोजली तर कार्ब कमी भरतील. पीठ मोजा. सोबत शेंगाची चटणी भरपूर असेल तर तेलामुळे शुगर उशिरा चढते. अशा जेवणाला बोलस एकदम द्यायचा की काही भाग लांबवायचा, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

‘युनिट’ हा शब्दही वाटतो तितका सोपा नाही. पंप यू-१०० (१ मिलीत १०० युनिट) इन्शुलिन धरून चालतो: ०.०१ मिली म्हणजे १ युनिट. आपल्याकडे मेडिकलमध्ये यू-४० च्या बाटल्याही सर्रास मिळतात. ती चुकून भरली तर पडदा १ युनिट दाखवेल आणि अंगात जाईल ०.४. उलट, पंपाचं यू-१०० इन्शुलिन लाल टोपीच्या यू-४० सिरिंजने ४ च्या रेघेपर्यंत ओढलं, तर जातील १० युनिट.

म्हणून मुलाच्या दप्तरात नारिंगी टोपीची यू-१०० सिरिंज, पंपाचं इन्शुलिन, कीटोन पट्ट्या, एक जादा सेट आणि ग्लुकोज पावडर असू द्या. शुगर ७० च्या खाली गेली तर त्यातली १५ ग्रॅम पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. आणि मे महिन्यात ते दप्तर उन्हातल्या गाडीत ठेवू नका. ३७ अंशांच्या वर तापलेलं इन्शुलिन टाकून नवं भरावं लागतं.